साध्या मशीनला माणूस लागतो

१२ जून

मास्तरीणबाई,

काय म्हणून हाक मारावी हे ठरवताना दोन कागद वाया गेले. सूनबाई म्हणायचा हक्क कोर्टाच्या निकालाबरोबर गेला, आणि नुसत्या नावानं मी तुला कधी हाक मारलेली नाही. म्हणून लॅबमध्ये सगळे म्हणायचे तेच लिहिलं. आमच्या जुन्या टेक्निशियनला, मामांना, ज्या बाईनं माउस धरायला शिकवलं तिला दुसरं काय म्हणणार? मामा अजूनही कुणाचीही शीर एका झटक्यात शोधतात आणि अजूनही माउसला घाबरतात.

हे हातानं लिहून लॅबच्या स्कॅनरवरून पाठवतोय. आडवं दिसलं तर फोन फिरव. तुला फोनच करायचं मनात होतं, पण फोनवर माझं तोंड शिवल्यासारखं होतं, तुला ठाऊक आहे.

काम आहे म्हणून लिहितोय. नसतं तर तुला त्रास दिला नसता.

सर्व्हरची ती काळी पेटी तुला आठवत असेल. सगळे रिपोर्ट, सगळ्या स्लाइडचे फोटो तिच्या पोटात. पेटीच्या कंपनीनं कळवलंय की हे मॉडेल आता म्हातारं झालं. वर्ष संपलं की सुटे भाग मिळणार नाहीत, तक्रारीचा फोन कुणी उचलणार नाही. म्हणजे सरळ भाषेत, नवीन पेटी घ्या. त्यांचा माणूस येऊन गेला. बाई त्याला टायवाला म्हणतात. (काउंटरवरच्या बाई त्याच आहेत, चष्मा तेवढा बदलला.) टायवाला बोलतो गोड. म्हणाला, डॉक्टरसाहेब, तुम्ही फक्त रक्त बघा, बाकी सगळं आमच्यावर सोडा.

पेटी घ्यायची होती तेव्हा मीटिंगमध्ये तू एकटी उलट बाजूनं बोलली होतीस. बाजारात कुठंही मिळतात तशी साधी मशीनं घ्या, एकाच्या जागी तीन. तिघांत तीच माहिती ठेवा, एक बसलं तर दोन उभी राहतील, आणि भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील, असं तू म्हणालीस. चिरंजीव पेटीच्या बाजूला होते. मीही. त्या दिवशी जेवढं माहीत होतं त्यावर ते चूक नव्हतं. पण आता पुन्हा ठरवायची वेळ आलीय आणि चिरंजीवांना सही करून मोकळं व्हायचंय. मला तुझं मत हवंय. पेटी की साधी मशीनं?

इकडे सगळं ठीक. चिरंजीव मजेत. मीही.

— डॉक्टर


२ जुलै

मास्तरीणबाई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. वर मायना नाही, खाली सही नाही, फक्त चार प्रश्न. पेशंटची हिस्टरी घ्यावी तसे. बरं वाटलं.

पहिला: रोज किती काम? तू होतीस तेव्हापेक्षा जास्त. गावाबाहेर दोन नमुना-केंद्रं वाढली, त्यांचे रिपोर्टही इथूनच जातात. दुसरा: जुनं किती सांभाळायचं? सगळं. गाठ तपासलेल्या बाईची जुनी स्लाइड आणि नवी स्लाइड शेजारी ठेवून बघावी लागते, त्यात जुनं फेकता येत नाही. तिसरा: बंद पडलं तर किती वेळ चालेल? सकाळभर निभेल. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलवाले आमची सालटी काढतील.

चौथ्याचं उत्तर मागाहून देतो.

दरम्यान माझा कल साध्या मशीनकडे झुकलाय, आणि तो आमच्याच धंद्यातल्या अनुभवामुळं. रक्त तपासायचं ते मोठं यंत्र आपल्याला जवळजवळ फुकट बसवून दिलं होतं, आठवतं? पुढं कळलं की त्यात रसायन फक्त त्याच कंपनीचं चालतं. बाटलीवरचा शिक्का वाचल्याशिवाय यंत्र तोंडच उघडत नाही. तेव्हापासून भाव ते सांगतात आणि मी मान डोलावतो. उलट माझा मायक्रोस्कोप बघ. त्याच्या भिंगांचे आटे जगभर सारखे. एक भिंग एका कंपनीचं, दुसरं दुसरीचं, तिसरं तर भंगारातून आणलेलं. तीस वर्षं त्यातून माणसांची नशिबं बघतोय, कुणाची परवानगी लागली नाही.

तर मी शिकायला लागलोय. हसू नकोस. गोदामातलं एक जुनं मशीन घरी आणून जेवणाच्या टेबलावर उघडलंय. स्क्रू हरवू नयेत म्हणून काचेच्या बश्यांत ठेवले, ज्यांत आपण जंतू वाढवतो त्या. मेमरीची पट्टी काढली आणि परत बसवली. मशीन सुरू झालं तेव्हा घरात सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मामांना फोन केला. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

टेबल मोठं आहे. एका खुर्चीपुरती जागा जेवायला उरते, तेवढी पुरते.

— डॉक्टर


२१ जुलै

मास्तरीणबाई,

तू फोनवर होतीस तेवढं तुला माहीत आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सांगतो.

पेटीतली एक डिस्क आधीच आजारी होती, तिचा पिवळा दिवा बऱ्याच दिवसांपासून लागत होता. परवा सकाळी दुसरीनंही मान टाकली आणि पेटीनं स्वतःला बंद करून घेतलं. कंपनीला फोन लावला. त्यांनी आधी मॉडेल विचारलं, मग गाणं ऐकवलं, मग सांगितलं की भाग दुसऱ्या शहरातल्या गोदामात आहे, माणूस दोन दिवसांत घेऊन येईल. मामा तडक उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच मापाची डिस्क घेऊन आले. कारखाना तोच, स्टिकर तेवढं वेगळं. पेटीनं ती ओळखली नाही. म्हणजे ओळखली असणार, पण आपली म्हणाली नाही.

तेव्हा बाई म्हणाल्या, मास्तरीणबाईंना विचारा. मी म्हटलं, त्यांना कशाला. आणि म्हणता म्हणता नंबर लावला.

"दिवा कुठल्या रंगाचा आहे?" हे तुझ्या तोंडून दोन वर्षांत ऐकलेलं पहिलं वाक्य. मी सांगितलं. मग तू म्हणालीस, जिन्याखाली मी साधं मशीन ठेवून गेले होते, त्यात रोज रात्रीची प्रत जाते, ते बघा. मी गेलो. मशीन होतं, वर दोन खोकी रचलेली. सफाईवाल्यांनी त्यांचं यंत्र लावायला प्लग काढला होता आणि परत घातला नव्हता. सुरू केल्यावर कळलं, शेवटची प्रत मागच्या हिवाळ्यातली.   फोनवर नुसता तुझ्याकडचा रस्त्याचा आवाज येत होता.

नंतरचं असं. त्या दिवशीचे रिपोर्ट आम्ही यंत्राच्या पडद्यावरून बघून हातानं लिहिले, बाईंनी फोनवर वाचून दाखवले, ते कसंबसं पार पडलं. पण दुपारी सर्जनचा फोन आला. एक शिक्षिका ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायची होती. तिच्या गाठीचा तुकडा आपण वसंतात तपासला होता. आता दुसऱ्या जागी नवी गाठ, तिचाही तुकडा आपल्याकडे आलेला. ही तीच जात की वेगळी, त्यावर किती कापायचं ते ठरणार होतं. जुना रिपोर्ट आणि फोटो पेटीत, जिन्याखालच्या प्रतीत तो महिनाच नाही. सर्जन म्हणाले, नसेल तर पुढं ढकलतो. ती बाई उपाशीपोटी झोपली होती, नवरा बाहेर बाकावर.

काच मात्र कपाटात होती. मूळ काचेला वीज लागत नाही. मामांनी ती काढून दिली, मी दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून नव्यानं बघितल्या. जुनं मत आठवायचा प्रयत्नही केला नाही. वेगळी जात निघाली, कमी वाईट. सर्जनना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग पुष्कळ वाचवता येईल. वाचवलं. ती बाई घरी गेली आहे.

काल कंपनीचा माणूस भाग घेऊन आला. पोरगा चांगला, कामात चोख. पेटी चालू झाली, हरवलं काही नाही.

पण मला आता शंका उरलेली नाही. साधी मशीनं. तीन. तू तिथून सांगत जा, मी इथं करत जाईन, परवासारखं. दिव्याचे रंग मला आता नीट कळतात.

लॅबच्या दृष्टीनं इतका वाईट दिवस बऱ्याच वर्षांत आला नव्हता. माझ्यापुरतं म्हणशील तर... जाऊ दे.

— डॉक्टर


८ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. या खेपेला पान भरून लिहिलंस. आणि लिहिलंस काय, तर पेटीच घ्या.

मी आधी चिडलो. मला वाटलं तू त्या मीटिंगचा राग काढते आहेस. मग पुन्हा वाचलं आणि राग काढणारं माणूस इतकं शांत लिहीत नाही हे कळलं. तुझी वाक्यं तुलाच परत लिहितो, म्हणजे मला नीट समजली का ते तू तपास. साधी मशीनं स्वस्त असतात कारण त्यांची काळजी त्यांच्या किमतीत धरलेली नसते. ती काळजी कुणीतरी रोज घ्यावी लागते. मी साधी मशीनं मागत होते तेव्हा ती काळजी घ्यायला मी तिथं होते. आता नाही. जिन्याखालचं मशीन चांगलंच होतं, त्याच्याकडं बघायला माणूस नव्हता. तुम्ही पेटीच्या कंपनीला पैसे देता ते पेटीचे कमी आणि फोन उचलणाऱ्या माणसाचे जास्त. तो माणूस तुमच्याकडे नसेल तर तो विकत घ्या.

आणि मग ते शेवटचं: "मी फोनवर असेन हे गृहीत धरून लॅब उभी करू नका."

बरोबर आहे. एकही शब्द खोडता येत नाही. मी दिवसभर त्यात चूक शोधली.

तुझ्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. प्रश्न होता, देखभालीला कोण आहे? कुणी नाही. तुझ्यानंतर दोन मुलं आली आणि मोठ्या पगारावर गेली. चिरंजीव बघायचे, पण ते मार्चपासून इथं राहत नाहीत. दुसऱ्या शहरात असतात, तिथल्या हॉस्पिटलचं काम बघतात, लॅबचे कागद तिथूनच पाहतात. त्यांनी लग्न केलं. मुलगी चांगली आहे, एकदा भेटलो. तुला हे माझ्याकडून कळावं की कळू नये, हे मला ठरवता येत नव्हतं, म्हणून पहिल्या पत्रात मजेत आहेत एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं.

मी मजेत आहे, ते मात्र सवयीनं लिहिलं होतं.

— डॉक्टर


२६ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

चिरंजीव येऊन गेले. टायवालाही होता. करार टेबलावर ठेवलेला, मी म्हटलं, जरा थांबा, साध्या मशीनचा पुन्हा एकदा विचार करू. तुझं पत्र खिशात असूनही म्हटलं. का, ते विचारू नकोस. कंपनी उद्या भाव वाढवेल, आपल्याला कोंडून घालेल, रसायनाच्या बाटल्यांचं काय झालं बघितलंस ना, असं सगळं बोललो. मुद्दे खरेच होते. चिरंजीवांनी टायवाल्याला बाहेर चहाला पाठवलं. मग दार लावून माझ्यासमोर बसले.

"बाबा, तुम्हाला मशीनं नकोत. तुम्हाला ती फोनवर हवी आहे."

मी स्लाइडच्या काचा पुसत बसलो. मग म्हटलं, "हो."

ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं आता भांडतील. म्हणाले, "पेटी बंद पडली त्या दिवशी बाईंनी मला कळवलं. तिला फोन करावा असं माझ्याही मनात पहिलं आलं. मी केला नाही. मला तो करताच येणार नव्हता." एवढंच. त्याचा आवाज लहानपणी ताप आला की व्हायचा तसा झाला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होतो, तेवढ्यात टायवाला आत आला.

मी सही केली. पण तुझ्या त्या पानभर पत्रातली अट घालून: आपली सगळी माहिती रोज आपल्या साध्या मशीनवर, कुणालाही उघडता येईल अशा रूपात उतरली पाहिजे, आणि उद्या कंपनी सोडायची म्हटली तर एकही रिपोर्ट अडकता कामा नये. टायवाला म्हणाला, असं कुणी मागत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे मागतात. दोन फोन करून आला आणि कबूल झाला. जिन्याखालच्या मशीनवरची खोकी हलवली, प्लगला पट्टी चिकटवली. रोज सकाळी हिरवा दिवा बघायचं काम बाईंनी मागून घेतलं. माझ्या हाती दिलं नाही.

तर हा प्रश्न निकालात निघाला. तुझे उपकार.

— डॉक्टर


१४ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

नवी पेटी बसली. जुनीपेक्षा लहान आणि जवळजवळ मुकी. तिला कुलूप आहे आणि किल्ली कंपनीच्या माणसाकडे. काही बिघडायच्या आधी तीच कंपनीला कळवते, मग तिकडून आम्हाला फोन येतो की तुमची अमुक डिस्क थकली आहे, उद्या बदलून देतो. परवा खरंच बदलून दिली. मला उठावंसुद्धा लागलं नाही. रिपोर्ट वेळेवर जातात. हॉस्पिटलवाल्यांनी फोन करायचं सोडलं. तू योग्य सांगितलंस.

घरचं मशीन मामा घेऊन गेले, त्यांच्या नातीला हवं होतं. टेबल रिकामं झालं. त्यावर आता पुष्कळ जागा आहे.

हे पत्र लिहायला बसलो तेव्हा सवयीनं वर 'काम असं की' लिहिलं आणि थांबलो. काम काही नाही. तुला विचारण्यासारखा एकही प्रश्न उरलेला नाही. कुठला दिवा नाही, कुठली डिस्क नाही. मी दोन दिवस शोधत होतो, काहीतरी बिघडलेलं सापडेल म्हणून. लॅबमध्ये फिरलो. सगळं चालू होतं.

तेव्हा बिनकामाचं लिहितो. तुझ्या सासूबाई गेल्यावर घरात आवाज करणारी तू एकटी होतीस. तू पायऱ्या उतरताना कुणाशी तरी फोनवर भांडत असायचीस, बहुतेक केबलवाल्याशी, आणि मी वर्तमानपत्र खाली न करता ऐकत असायचो. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता सकाळी वर्तमानपत्र लवकर संपतं.

तुमचं दोघांचं का मोडलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. मोडलं ते तुमचं होतं. पण निकालाच्या कागदावर दोनच नावं असतात. त्या घरात तीन माणसं जेवायला बसायची, हे तिथं कुठं लिहायची सोय नसते.

उत्तर देऊ नकोस. म्हणजे, द्यायलाच हवं असं नाही.

— बाबा असं लिहून खोडलं. डॉक्टर.


९ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

तुझा मेल मिळाला. पत्राबद्दल एक अक्षर नाही, फक्त रक्ताचा रिपोर्ट आणि खाली "एकदा नजर टाकाल का?"

टाकली. हिमोग्लोबिन थोडं कमी आहे. पेशी आकारानं लहान आणि फिकट, साठ्यातलं लोह उतरलेलं. बाकी लिव्हर, किडनी, साखर, थायरॉइड सगळं जिथल्या तिथं. घाबरण्यासारखं काहीही नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं.

तुझ्या तिथल्या डॉक्टरांनी खाली निदान लिहिलंय आणि लोहाच्या गोळ्या दिल्यात. निदान बरोबर, गोळी बरोबर, डोस बरोबर. लॅबही चांगली दिसते, छपाई तर आपल्यापेक्षा सुबक. मला दुरुस्त करायला त्यांनी काही ठेवलेलं नाही. आणि तू आमच्याकडे इतकी वर्षं रोज शेकडो रिपोर्ट पाठवलेस, तुला हा वाचता येत नाही यावर मी विश्वास ठेवावा, असं तुझंही म्हणणं नसेल.

म्हणून मी तो सावकाश वाचला. आधी पडद्यावर, मग छापून घेऊन. बाई म्हणाल्या, कुणाचा आहे? मी म्हटलं, घरचा.

आता नीट ऐक. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहा लोह खाऊन टाकतो. तू घेणारच, म्हणून दोन्हींत दोन तास ठेव. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतलीस तर उत्तम. पोट बिघडलं तर गोळी सोडू नकोस, जेवणानंतर घे. पायऱ्या चढताना दम लागतो का, केस गळतात का, बर्फ खावासा वाटतो का, हे कळव. शेवटचं विचित्र वाटेल पण आम्ही ते विचारतो. जेवण टाळतेस का हे विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे. आणि रक्त का कमी झालं हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर भागवू नकोस. तिथल्या डॉक्टरांना तसं विचार, भिडेखातर गप्प बसू नकोस. भीड हा आपल्या घरातला जुना आजार आहे.

महिन्याभरानं रक्त पुन्हा तपास आणि मला पाठव. नॉर्मल आलं तरी पाठव.

— बाबा